काडतुसं घरी भरणं इतकं महाग का झालं?

अमेरिकेत २०१९ साली एक हजार प्रायमरचा, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या छोट्या वाट्यांचा, खोका साधारण ३० डॉलरला मिळायचा, म्हणजे नगाला ३ सेंट. २०२१ मध्ये तोच खोका खासगी व्यवहारात १०० डॉलरच्या वर गेला, काही ठिकाणी २०० डॉलरलाही विकला गेला, आणि तरी घेणारे होते. तो भर आता ओसरला आहे. पण भाव उतरताना ७० ते ८५ डॉलरच्या आसपास अडकले, जुन्या जागी परत गेले नाहीत. २०१९ ते २०२४ या काळात अमेरिकेतली सर्वसाधारण महागाई सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. नुसत्या महागाईचा हिशेब केला तर ३ सेंटचे पावणेचार सेंट व्हायला हवेत. प्रत्यक्षात झाले सात-आठ. बंदुकीच्या दारूचंही तसंच झालं. पंचवीस-तीस डॉलरला मिळणारा पौंडाचा डबा आज ४० ते ६० डॉलरला पडतो.

दुकानदार लुटतात, कंपन्या मुद्दाम माल दाबून ठेवतात, सरकार गुपचूप सगळं विकत घेतं, अशी कारणं काडतुसं घरी भरणाऱ्या मंडळींत सतत ऐकू येतात. त्यातल्या एखाद्या तक्रारीत कधी थोडं तथ्यही असेल. पण खरं कारण जास्त साधं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. काडतूस घरी भरणारा हौशी माणूस या सगळ्या व्यवहारात शेवटच्या पंगतीला बसतो. आधी सैन्य, मग कारखान्यात तयार होणारी काडतुसं, आणि त्यातून उरलं तर सुटा माल. भाव ठरतो तो या उरलेल्या मालावर.

चार वस्तू

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा ओढला की बंदुकीतली फायरिंग पिन प्रायमरवर आपटते, प्रायमर ठिणगी देतो, दारू पेटते, तिच्या वायूच्या दाबाने गोळी सुटते. मागे उरते रिकामी पुंगळी. चारांतली हीच एक वस्तू पुन्हा वापरता येते, आणि रीलोडिंगचा, म्हणजे काडतूस पुन्हा भरण्याचा, सगळा खेळ तिच्यावर उभा आहे. पुंगळी साफ करायची, साच्यातून काढून तिचा आकार पूर्ववत करायचा, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून भरायची, नवी गोळी बसवायची.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून भरून विकायचं असेल तर लागतो. हे करणारे लोक कोण? आठवड्याला शेकडो गोळ्या झाडणारे स्पर्धक, लांब पल्ल्याचे नेमबाज, शिकारी, आणि ज्यांच्या काडतुसांचं उत्पादनच बंद पडलंय अशा जुन्या बंदुका जपणारे. काहींना पैसे वाचवायचे असतात, तर काहींना आपल्या बंदुकीला नेमकं मानवणारं काडतूस हवं असतं. किमतीचा चटका पहिल्या गटाला जास्त बसलाय. दुसऱ्या गटाला माल मिळणंच अवघड झालंय.

अडकतं ते प्रायमरपाशी

प्रायमर दिसायला किरकोळ. छोट्या बटणाएवढी धातूची वाटी, आत स्फोटक मिश्रणाचा ठिपका आणि त्यावर धातूचा इवलासा टेकू. त्या ठिपक्याचं वजन ग्रॅमचे दोन-तीन शतांश. पण चार वस्तूंपैकी घरी करता न येणारी, दुसऱ्या कशाने भागवता न येणारी आणि एकदाच वापरता येणारी वस्तू म्हणजे हाच ठिपका. गोळ्या शिसं वितळवून घरी ओतता येतात, पुंगळ्या पुन्हा वापरता येतात, दारूचेही थोडेफार पर्याय असतात. प्रायमरला पर्याय नाही.

त्यातलं मुख्य द्रव्य लेड स्टिफ्नेट. धक्का, घर्षण, ठिणगी, साधी स्थिर वीज, कशानेही ते उडू शकतं. म्हणून कारखान्यात हे मिश्रण ओलं ठेवूनच हाताळतात. ओल्या अवस्थेत ते वाट्यांत भरलं जातं आणि शेवटी वाळवतात. प्रत्येक टप्पा वेगळ्या खोलीत, जाड भिंतींच्या आड, एका वेळी थोड्याच मालावर चालतो. मागणी दुप्पट झाली म्हणून दुसऱ्या महिन्यात उत्पादन दुप्पट करता येईल असा हा उद्योग नाही. नवी इमारत, सुरक्षित अंतर, परवानग्या, प्रशिक्षित माणसं, यात वर्षं जातात. आणि चार वर्षांनी मागणी पुन्हा बसली तर त्या इमारतीचं करायचं काय, हा प्रश्न प्रत्येक कंपनीपुढे असतो. २०१३ ची टंचाई संपल्यावर तसंच घडलं होतं. मागणी कोसळली आणि कंपन्यांकडे माल पडून राहिला. त्यामुळे पुढच्या वेळी कारखाना वाढवायला कोणी उत्सुक नव्हतं. मला तरी हे समजण्यासारखं वाटतं.

शिवाय हा माल बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये सीसीआय, मिनेसोटातल्या अनोकामध्ये फेडरल, आर्कान्सातल्या लोनोकमध्ये रेमिंग्टन, आणि ऑलिन कंपनीचा विंचेस्टर विभाग. गेली कित्येक वर्षं अमेरिकी बाजार मुख्यतः या चौघांच्या जिवावर चालला. त्यातली सीसीआय आणि फेडरल आधीपासूनच व्हिस्टा आउटडोअर या एकाच कंपनीच्या होत्या.

मग २०२० उजाडलं. महासाथ, रस्त्यावरची निदर्शनं आणि निवडणूक एकाच वर्षात आली. शस्त्रखरेदीच्या वेळी एफबीआयच्या यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली जाते. २०१९ मध्ये अशा तपासण्या सुमारे २ कोटी ८४ लाख झाल्या होत्या. २०२० मध्ये त्या ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक बंदूक असं नाही, त्यात नुसत्या परवान्यांच्या फेरतपासण्याही येतात. तरी कल पुरेसा स्पष्ट आहे. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली, आणि त्यातल्या प्रत्येकाला किमान एक-दोन खोके काडतुसं हवी होती.

नेमकं त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. लोनोकचा कारखाना ऐन मोक्याच्या वेळी मंदावला. दिवाळखोरीतल्या लिलावात तिचा दारूगोळा व्यवसाय व्हिस्टानेच ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. म्हणजे चारांतले तीन कारखाने एका छताखाली आले. वर्षअखेरीला व्हिस्टाकडे तयार काडतुसांच्या तुंबलेल्या ऑर्डरी एक अब्ज डॉलरच्या वर होत्या.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. दिवसाला ठराविकच प्रायमर निघतात. तो प्रायमर सुटा विकला तर हातात दोन-तीन सेंट येतात. तोच आपल्या काडतुसात घालून विकला तर काडतुसाची अख्खी किंमत मिळते, वर ऑर्डर देणाऱ्या मोठ्या दुकानसाखळ्याही खूश राहतात. शिवाय काडतूस प्रायमरशिवाय पूर्ण होत नाही, म्हणजे प्रायमर बाहेर विकला तर स्वतःचीच काडतुसाची मशीन थांबते. निर्णय आपोआप होतो. सुटा माल बाजारातून नाहीसा झाला, त्यासाठी कोणाला कट करावा लागला नाही.

बाहेरून येणाऱ्या मालाचा आधार होता, तोही खचला. रशियातून येणारे वुल्फ आणि टुला या नावांचे प्रायमर स्वस्तात मिळायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोग प्रकरणी निर्बंध जाहीर केले, आणि ७ सप्टेंबरपासून रशियन शस्त्रं आणि दारूगोळा आयात करण्याचे नवे परवाने देणं बंद झालं. आधीच्या परवान्यांवर काही काळ माल येत राहिला, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं आणि ती वाट जवळपास संपली. तिची जागा बोस्नियाच्या गिनेक्सने, इटलीच्या फियोकीने, चेक सेलिए अँड बेलोने आणि अर्जेंटिनातून आलेल्या मालाने थोडीफार भरून काढली. ज्यांनी पूर्वी ही नावं ऐकलीही नव्हती असे लोक आता बोस्नियन प्रायमर बिनदिक्कत वापरतात. पण समुद्रापलीकडून स्फोटक माल आणायचा म्हणजे विमा, खास कंटेनर, मोजकीच बंदरं आणि आता वर आयातशुल्क. ३ सेंटचा प्रायमर त्या वाटेने येणं शक्यच नाही.

मालकीची पुढची गोष्टही सांगायला हवी. व्हिस्टाचा दारूगोळा विभाग नोव्हेंबर २०२४ मध्ये सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला चेकोस्लोव्हाक ग्रुप या प्रागच्या उद्योगसमूहाने घेतला. फियोकी आधीच त्यांच्याकडे होती. म्हणजे फेडरल, सीसीआय, रेमिंग्टन आणि फियोकी असे दुकानातले चार वेगळे खोके आज शेवटी एकाच मालकाकडे जातात. मालक एक झाला म्हणून भाव वाढलेच असं सिद्ध करता येत नाही, बहुतेक वाढ त्याच्या आधीच होऊन गेली होती. पण या चार नावांत एकमेकांना मात देण्यासाठी भाव पाडणारं कोणी उरलं नाही, ही गोष्ट ग्राहकाच्या बाजूची नक्कीच नाही.

आर्कान्सातल्या व्हाइट रिव्हर एनर्जेटिक्ससारखे नवे उत्पादक या काळात उभे राहिले, ही मला या सगळ्यातली सर्वांत आशादायक बातमी वाटते. आज प्रायमर दुकानात दिसतो, पाहिजे त्या आकाराचा मिळतो, यात त्यांचा वाटा आहे. पण नव्या कारखान्यावर नवं कर्ज असतं. कित्येक वर्षांपूर्वी ज्याची यंत्रं वसूल झाली त्या कारखान्याच्या जुन्या भावाला तो माल विकू शकत नाही.

दारूचं मूळ सरकीत आहे

दारूची टंचाई प्रायमरच्या मागून आली आणि तिची कारणं जास्त दूरवर पसरलेली आहेत.

आजच्या काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते. नायट्रोसेल्युलोज म्हणजे शुद्ध सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातूनही मिळतं, पण उत्तम मानलं जातं ते कापसाचं. कापसाचा लांब धागा सरकीपासून काढून घेतला की तिला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. कापडाला ते निरुपयोगी, दारूला मात्र अगदी योग्य. या लिंटरचा मोठा निर्यातदार आहे चीन. २०२४ मध्ये राइनमेटाल या जर्मन शस्त्रकंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की युरोप ७० टक्क्यांहून जास्त लिंटर चीनकडून घेतो. युरोप तोफगोळ्यांचं उत्पादन वाढवायच्या मागे असताना कच्च्या मालाची ही अवस्था.

आता तोफेचा आणि हौशी नेमबाजाचा संबंध कसा येतो ते पाहू. १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा दूर फेकायला कित्येक किलो दारू लागते. ती रायफलच्या दारूसारखी नसते, दाणे वेगळे, घडण वेगळी. पण मुळात लागतं ते नायट्रोसेल्युलोजच. दारू मोजायचं एकक ग्रेन. एका किलोत साधारण १५,४०० ग्रेन आणि एका पौंडात ७,००० ग्रेन भरतात. मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात सुमारे ४२ ग्रेन दारू जाते असं धरलं, तर एक किलोत साडेतीनशेच्या वर काडतुसं होतात. तोफेच्या एका बारात पाच किलो गेली तर ती अठराशे रायफल काडतुसांची दारू झाली. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिका महिन्याला सुमारे १४,००० असे गोळे बनवत होती. नंतर महिन्याला १ लाखाचं लक्ष्य ठरलं. युरोपातले देशही त्याच मार्गाला लागले. जगात नायट्रोसेल्युलोजचे मोजकेच कारखाने, आणि प्रत्येकाच्या दारात संरक्षण मंत्रालयांचे दीर्घ मुदतीचे करार घेऊन माणसं उभी. पौंडापौंडाचे डबे भरून विकण्याला तिथे प्राधान्य कोण देणार?

२०२३ च्या अखेरीस व्हिस्टाने आपल्या ग्राहकांना कळवलं की जगभरात दारूची टंचाई येऊ घातली आहे आणि पुरवठादारांनी भाव भरपूर वाढवलेत, त्यामुळे आम्हीही वाढवतोय. २०२४ मध्ये त्यांच्याच अलायंट पावडरने नायट्रोसेल्युलोजचं कारण देऊन सुट्या दारूच्या ऑर्डरी थांबवल्या. युनिक, बुल्सआय, रेड डॉट ही आजोबा-पणजोबांपासून वापरातली नावं, त्यातली पहिली दोन तर शंभर वर्षांहून जुनी. तीच दुकानातून दिसेनाशी झाली. ज्यांच्याकडे अर्धा डबा शिल्लक होता त्यांनी तो जपून ठेवला.

फळीवर पन्नास वेगवेगळे डबे दिसतात, मग एवढा तुटवडा कसा, असं कोणी विचारेल. डब्यावरचं नाव एकाचं आणि आतला माल दुसऱ्याचा, अशी इथली रीत आहे. कॅन्ससमधली हॉजडन ही अमेरिकेतली सुट्या दारूची सर्वांत मोठी विक्रेती. तिने २००३ मध्ये आयएमआर घेतली, विंचेस्टरच्या नावाची सुटी दारूही तीच विकते, आणि २०२० मध्ये ॲक्युरेट आणि रॅमशॉट ही नावंही तिच्याकडे आली. पण हॉजडनच्या डब्यांतली गोल दाण्यांची दारू बहुतेक फ्लोरिडातल्या सेंट मार्क्स पावडरच्या कारखान्यात होते, जो जनरल डायनॅमिक्सचा आहे आणि सैन्याचाही मोठा पुरवठादार आहे. व्हार्गेट, एच ४३५० यांसारखी रायफलवाल्यांची लाडकी दारू येते ऑस्ट्रेलियातल्या मुल्वालाहून. व्हिहताव्हुओरी फिनलंडची. अलायंटच्या रीलोडर मालिकेतल्या काही दारू युरोपातून यायच्या. म्हणजे फळी भरलेली दिसली तरी मागचे कारखाने बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुठल्या ना कुठल्या देशाचं सैन्य.

विंचेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी ३८ ही एकच दारू दोन नावांनी विकली जाते. विंचेस्टर २९६ आणि एच ११० यांचंही तसंच. एकाचा डबा संपला असेल तर दुसरा शोधायचा, ही युक्ती टंचाईत अनेकांच्या कामी आली. पण यातून कोणी भलताच निष्कर्ष काढू नये. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या मात्र दोन वेगळ्या दारू आहेत. आकडा सारखा, काम साधारण सारखं, पण एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो.

धातू

गोळी आणि पुंगळीचा प्रश्न तुलनेने सरळ आहे, कारण तो जागतिक धातूबाजाराशी बांधलेला आहे. पुंगळीच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. गोळीत शिसं, वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ आवरण. विजेच्या तारा, मोटारी, डेटा सेंटर सगळ्यांनाच तांबं हवं आहे आणि त्याचा भाव गेली काही वर्षं चढाच आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने अर्धतयार तांब्याच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, त्याचाही भार पडला. शिशाबद्दल मात्र एक गैरसमज फार टिकून आहे. मिसूरीतल्या हर्क्युलेनियमचा खनिजापासून शिसं काढणारा अमेरिकेतला शेवटचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा आता गोळ्या मिळणारच नाहीत अशी आवई उठली. तसं काही झालं नाही, कारण अमेरिकेतलं बहुतेक शिसं जुन्या बॅटऱ्या वितळवून मिळतं.

खरी काळजी करण्यासारखा धातू वेगळाच आहे. अँटिमनी. शिशात थोडा मिसळला की गोळी कडक होते, आणि त्याचं सल्फाइड प्रायमरच्या मिश्रणात लागतं. जगातला बराचसा अँटिमनी चीनमधून येतो. चीनने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीवर परवाना लावला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला तो विकायलाच बंदी केली. वर्षभरात भाव तिपटीहून वर गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली, पण स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, आणि खरेदीदार त्याच हिशेबाने भाव धरतात. आयडाहोतल्या स्टिबनाइटच्या खाणीने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची अँटिमनीची मोठी गरज भागवली होती. ती खाण पुन्हा सुरू करायला २०२५ मध्ये परवानग्या मिळाल्या, मात्र तिथून धातू बाहेर पडायला अजून वर्षं लागतील. एका प्रायमरमध्ये अँटिमनी नगण्य असतो, त्याने किंमत दुप्पट होत नाही. पण तो मिळाला नाही तर प्रायमरच होत नाही, आणि कारखानदाराची झोप उडवायला तेवढं पुरतं.

भीतीने केलेली खरेदी

पुरवठ्याच्या बाजूने इतकं झालं. दुसऱ्या बाजूला ग्राहक आहे, आणि त्याच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं असं मला वाटतं.

२००८ च्या निवडणुकीनंतर, २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर आणि मग २०२० मध्ये, अशा तीन मोठ्या टंचाया थोड्याच काळात आल्या. दर वेळी नवे निर्बंध येतील या भीतीने लोकांनी गरजेच्या कितीतरी पट माल घेतला. मार्च २००९ मध्ये तर संरक्षण खात्याने सैन्याच्या वापरलेल्या पुंगळ्या चुरा करूनच विकायचा आदेश काढला. तो काही दिवसांतच मागे घेतला गेला, पण तेवढ्याने आगीत तेल पडलं. एखादा माणूस वर्षाला दोन हजार प्रायमर वापरत असेल आणि त्याने भीतीपोटी दहा हजार घेतले, तर त्याने पाच वर्षांची मागणी एका दिवसात बाजारावर टाकली. असे लाखभर लोक एका महिन्यात आले की कोणताही कारखाना त्यांना पुरा पडणार नाही. फळी रिकामी दिसते, तिचा फोटो फिरतो, उरलेलेही धावतात. भाव चढवायला एवढं पुरेसं होतं.

त्यात पार्सलचा खर्च. प्रायमर आणि दारू धोकादायक माल म्हणून जातात, पोस्टाने पाठवता येत नाहीत, आणि खासगी कुरियर प्रत्येक पार्सलमागे वेगळा आकार घेतात. तो वीस-तीस डॉलरच्या घरातला, अनेक ठिकाणी त्याहून जास्त. एक डबा मागवला तर त्याची किंमत एका झटक्यात दीडपट होते. म्हणून लोक एकदम जास्त मागवतात, आणि टंचाईच्या काळात तीच सवय साठेबाजीत बदलते. घरात किती साठवायचं यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत सर्वमान्य असलेल्या अग्निसुरक्षा नियमावलीनुसार घरात १०,००० पर्यंत प्रायमर आणि मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत दारू ठेवता येते. त्याहून जास्त दारूसाठी जाड लाकडी पेटी लागते. २०२० नंतर या मर्यादा किती घरांनी ओलांडल्या असतील याची मला खरंच चिंता वाटते, कारण आग लागली तर आत शिरणाऱ्या अग्निशमन जवानाला आत काय आहे याची कल्पना नसते.

मग अजून परवडतं का?

हे काडतुसागणिक बदलतं. ढोबळ भाव धरून दोन उदाहरणं करून पाहू.

९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात साधारण ५ ग्रेन दारू जाते, म्हणजे एका पौंडात १,४०० काडतुसं. दारूचा डबा २५ डॉलरचा होता तेव्हा काडतुसामागे पावणेदोन सेंटची दारू लागायची. ४५ डॉलरच्या डब्यात ती सव्वातीन सेंटची झाली. प्रायमर ३ वरून ८ सेंट. गोळी ८ वरून ११. पुंगळी जुनी, फुकट धरू. पूर्वीची बेरीज तेरा सेंटच्या आत, आजची बावीस. कारखान्यातलं तयार काडतूस पूर्वी १७-१८ सेंटला मिळायचं, आज २२ ते २६ ला मिळतं. म्हणजे हाती राहतात फार तर तीन-चार सेंट, आणि स्वस्त खोका सापडला तर शून्य. पैसे वाचवण्यासाठी ९ मिलिमीटर भरणाऱ्याने आता थांबलेलं बरं, असं मी स्पष्ट म्हणेन. इथे लक्षात येईल की दारू दुप्पट महागली तरी पिस्तूलवाल्याला फारसं जाणवत नाही. त्याला प्रायमर मारतो.

रायफलचं गणित उलटं आहे. ६.५ क्रीडमूर या लांब पल्ल्याच्या काडतुसात सुमारे ४२ ग्रेन दारू जाते, म्हणजे एका पौंडात फक्त १६६ काडतुसं. ३० डॉलरच्या डब्यात काडतुसामागे १८ सेंट, ५५ डॉलरच्या डब्यात ३३ सेंट. गोळी ३५ वरून ४५ सेंट, प्रायमर साडेतीन वरून नऊ. एकूण ५६ सेंटचे ८७ झाले. चांगली पुंगळी नवी घेतली आणि दहा वेळा वापरली तर तिचे आणखी दहाएक सेंट धरा. वाढ मोठी आहे, पण स्पर्धेच्या दर्जाचं तयार काडतूस दीड ते दोन डॉलरला पडतं. तिथे भरणारा अजूनही काडतुसामागे पन्नास सेंट किंवा जास्त वाचवतो, आणि आपल्या बंदुकीला जुळणारं काडतूस मिळवतो. दुर्मिळ आणि जुन्या बंदुकांच्या काडतुसांबाबत तर तुलनाच नाही. त्यातली बरीच तयार मिळतच नाहीत.

नव्याने सुरू करणाऱ्याने या हिशेबात यंत्राचा खर्चही धरावा. प्रेस, साचे, तराजू मिळून काहीशे डॉलर होतात, आणि काडतुसामागे तीन सेंट वाचत असतील तर ते वसूल व्हायला दहा हजारांहून जास्त काडतुसं भरावी लागतील.

खर्च कमी करायच्या काही वाटा खऱ्या आहेत. क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून एकाच पार्सलमध्ये मागवलं तर धोकादायक मालाचा आकार वाटला जातो. सरावाला ओतीव शिशाची गोळी वापरली की गोळीवरचे बरेच पैसे वाचतात. एखाद्या काडतुसाला चालणाऱ्या तीन-चार दारूंची मापं आधीच तपासून ठेवली तर एक नाव गायब झालं तरी अडत नाही. प्रायमर मिळेल त्या कंपनीचा घ्यावा, मात्र कंपनी बदलली की दारूचं माप थोडं खाली आणून पुन्हा हळूहळू वर न्यावं, कारण प्रत्येक प्रायमरची आच वेगळी असते.

काही वाटा मात्र टाळायलाच हव्यात. ओळखीच्याकडून आलेली बिनलेबल डब्यातली दारू, दोन उरलेल्या डब्यांचं एकत्र केलेलं मिश्रण, कुणीतरी सांगितलेलं ‘साधारण तेच’ माप, किंवा जुने न उडालेले प्रायमर ठोकून बाहेर काढून पुन्हा वापरायचा खटाटोप. टंचाईच्या काळात हे सल्ले जोरात फिरतात. दारूचा प्रकार आणि माप निर्मात्याच्या चालू तक्त्यातूनच घ्यायचं, तळाच्या आकड्यापासून सुरुवात करायची, आणि डब्यात काय आहे हे नक्की माहीत नसेल तर ती दारू बंदुकीजवळ न्यायची नाही. काडतुसात सत्तर सेंट वाचवताना बंदुकीची नळी फुटली, तर समोर डोळा आणि हात असतात.